लहान लॅपटॉप हळू चालतोय? आधी तो अडतो कुठे ते बघा

दोन कोअरचा सेलेरॉन, ४ जीबी रॅम, आणि साठवणीला ६४ जीबीची ईएमएमसी (बोर्डवरच बसवलेली साठवणीची चिप) नाहीतर जुनी फिरती हार्ड डिस्क. अशा घडणीचे लॅपटॉप ढिगाने आहेत आणि त्यातले बरेच "हँग होतो" म्हणून बाजूला पडलेत. दोष बहुतेक वेळा प्रोसेसरच्या माथी मारला जातो. पण सेलेरॉन एन४०२० घ्या. हा ६ वॅटचा प्रोसेसर १.१ गीगाहर्ट्झवर चालतो आणि गरज पडली की २.८ पर्यंत चढतो. लिखाण, हिशेबाच्या शीट, ईमेल, १०८० पीचा व्हिडिओ, एवढ्याला तो पुरतो. त्याचा वेळ वाया जातो तो डिस्कवरून माहिती येण्याची वाट बघण्यात. त्यामुळे सेटिंगा बदलत सुटण्याआधी अडतंय कुठे ते शोधायला हवं, कारण रॅमचं दुखणं आणि तापमानाचं दुखणं यांवर औषध वेगवेगळं आहे.

विंडोजमध्ये लॅपटॉप सुरू करून दहा मिनिटं तसाच राहू द्या. सुरुवातीची धावपळ संपली की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर जा. आता रोजचं काम करा: ब्राउझर, पाच-सहा टॅब, एखादी फाइल. डोळे तीन आकड्यांवर ठेवा.

पहिला आकडा डिस्कचा. इथे १०० टक्के दिसले तर त्याचा अर्थ "डिस्क पूर्ण वेगाने चालली आहे" असा नाही. तो आकडा डिस्क किती वेळ गुंतलेली होती ते सांगतो. शेजारी रीड आणि राइटचा वेग बघा. डिस्क १०० टक्के आणि वेग सेकंदाला एक-दोन एमबी, असं चित्र दिसलं की दुखणं सापडलं. फिरत्या डिस्कचं साधं गणित करून बघा. ५४०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरा मारायला ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी साडेपाच. डोकं योग्य ठिकाणी सरकायला साधारण १२. एका लहान वाचनाला असे १७-१८ मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला जेमतेम ५५-६० वाचनं होतात. प्रत्येक वाचन ४ केबीचं धरलं तर सेकंदाला पाव एमबीसुद्धा होत नाही. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक फाइली मागते. प्रोसेसर कितीही चांगला असता तरी इथे त्याला काही करता आलं नसतं.

दुसरा आकडा मेमरीचा. टक्के ८५ च्या वर असतील तर खाली "कमिटेड" बघा. तिथे ५.८/७.९ अशी जोडी दिसते. पहिला आकडा म्हणजे चालू प्रोग्रामांनी एकूण मागितलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी फाइल) मिळून असलेली मर्यादा. रॅम ४ जीबी आणि मागणी जवळपास ६ असेल, तर राहिलेला भार डिस्कवरच्या पेजफाइलवर पडतोय. टॅब बदलला की काही सेकंद सगळं गोठतं ते यामुळेच. आणि डिस्क फिरती असेल तर वरचं गणित पुन्हा मानगुटीवर बसतं.

तिसरा आकडा प्रोसेसरचा, पण टक्के सोडून "स्पीड" बघा. काम जोरात चालू असताना स्पीड मूळ वेगाच्याही खाली, ०.४ किंवा ०.८ गीगाहर्ट्झवर अडकला असेल तर मामला उष्णतेचा किंवा वीजपुरवठ्याचा आहे. त्याकडे पुढे येतो.

फिरती डिस्क असेल तर बाकी काही वाचायच्या आधी एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपांवर साठवणारी डिस्क) बसवा. या लॅपटॉपांमध्ये खर्चाच्या मानाने इतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही, असं मी ठामपणे म्हणेन. साधी साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी पुरते. अडीच इंची घेताना जाडी बघा: एसएसडी ७ मिलिमीटरची असते, आणि जुन्या डिस्कची जागा ९.५ ची असेल तर वर प्लास्टिकची पातळ चौकट चिकटवावी लागते, नाहीतर ती आत हलते आणि कनेक्टर सैल होतो. एम.२ खाच (पट्टीसारख्या एसएसडीची) असेल तर जास्त जपून. खाच दिसायला तीच असली तरी स्वस्त लॅपटॉपांमध्ये ती कित्येकदा फक्त साटाला जोडलेली असते, तिथे एनव्हीएमई (वेगळ्या, जास्त जलद जोडणीची) एसएसडी ओळखलीच जात नाही. मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं. लांबीही तिथेच मिळते: २२४२ म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ४२ लांब; २२८० म्हणजे ८० लांब.

मागचं झाकण उघडताना घाई नको. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो वरच्या पत्र्याला किंवा कीबोर्डला आतून टोचतो. झाकणाच्या कडा प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने नको. काही मॉडेलमध्ये खालचं झाकण न निघता कीबोर्डचा भागच वर उचलावा लागतो आणि त्याला रिबन केबल चिकटलेल्या असतात, म्हणून आधी बोटभर उचलून आत डोकावा. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. मगच बाकीचं.

रॅम वाढवता येते का, हे झाकण न उघडताही बऱ्यापैकी कळतं. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर "फॉर्म फॅक्टर" नावाची ओळ असते. तिथे "एसओडिम" असेल तर रॅम काढता-घालता येणारी आहे. "रो ऑफ चिप्स" असेल तर ती बोर्डवर डाग देऊन बसवलेली. "स्लॉट्स यूज्ड" या ओळीवर मात्र पूर्ण विसंबू नका, कारण काही लॅपटॉप बोर्डवरच्या चिपांनाही स्लॉट म्हणून मोजतात. रॅमची जात जुळायलाच हवी. डीडीआर३ ला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०, आणि मधली खाच वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. फसगत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात. दोन्ही बसतात, पण साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची आणि एल १.३५ ची. फक्त एल चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी पट्टी घातली की पडदा काळाच राहतो.

पट्टी तिरकी, साधारण ३० अंशांत घालून सोनेरी पिना जवळपास दिसेनाशा होईपर्यंत आत ढकला, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या पकडी टक् करून बसल्या पाहिजेत. एकच बसली तर पट्टी वाकडी आहे. पहिल्यांदा सुरू करताना पडदा मिनिटभर काळा राहू शकतो, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका. बोर्ड नवी रॅम ओळखत असतो. दोन खाचा असतील तर ४ अधिक ४ करणं ८ च्या एका पट्टीपेक्षा बरं, कारण अंगभूत ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि दोन मार्ग मिळाले की त्याला सरळ फायदा होतो.

आता ज्यांच्या लॅपटॉपमध्ये सगळंच डाग देऊन बसवलेलं आहे त्यांचं. अशा बहुतेकांमध्ये ईएमएमसी असते. ती फिरत्या डिस्कपेक्षा खूप चपळ, पण भरत आली की मान टाकते. फ्लॅश मेमरीत आधी पुसलेल्या जागीच लिहिता येतं. मोकळी जागा संपली की प्रत्येक लिखाणाआधी कंट्रोलरला जुना मजकूर हलवून जागा पुसावी लागते, आणि एवढंसं सेव्ह करायलाही वेळ जातो. ६४ जीबीची ईएमएमसी विंडोजला ५८ च्या आसपास दिसते. त्यातली १२ ते १५ जीबी कायम मोकळी ठेवायची, असा नियमच करा. मोठ्या अपडेटलाही तेवढी जागा लागतेच.

जागा कुठून काढायची? सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेंपररी फाइल्स. इथे विंडोजच्या आधीच्या आवृत्तीची नक्कल आणि अपडेटचा उरलेला पसारा मिळून कित्येक जीबी सापडतात. पण त्याच यादीत "डाउनलोड्स" नावाचाही चौकोन असतो. तो टिक केलात तर डाउनलोडचं सगळं फोल्डर रिकामं होतं, म्हणून "रिमूव्ह" दाबण्याआधी यादी वरपासून खालपर्यंत एकदा वाचा. दुसरी मोठी जागा हायबरनेशनच्या (उघडं काम डिस्कवर ठेवून लॅपटॉप बंद करण्याच्या सोयीच्या) फाइलची. ती साधारण रॅमच्या ४० टक्के, म्हणजे ४ जीबीला दीडेक जीबी. हायबरनेशन बंद केलं की ती मोकळी होते, पण सोबत "फास्ट स्टार्टअप"ही बंद होतो आणि झोपवलेल्या लॅपटॉपची बॅटरी संपली तर उघडं काम जातं. जागेची फारच ओढाताण असेल तरच हे करा. फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं मायक्रोएसडी कार्डावर हलवायला हरकत नाही. प्रोग्राम आणि पेजफाइल मात्र कार्डावर नको: लहान लिखाणांत कार्ड ईएमएमसीच्याही मागे राहतं आणि झिजतंही लवकर.

डीफ्रॅगमेंटचं (विखुरलेल्या फाइली सलग लावण्याचं) भूत डोक्यातून काढून टाका. एसएसडी आणि ईएमएमसीला त्याची गरज नाही. विंडोज स्वतःच ठरावीक काळाने ट्रिम चालवते, म्हणजे कोणती जागा आता रिकामी आहे ते कंट्रोलरला कळवते. "डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज" उघडून शेवटची तारीख तेवढी बघा. तिथे "नेव्हर" असेल तर ऑप्टिमाइझ दाबा आणि खालचं वेळापत्रक चालू करा.

रॅम ४ जीबीवरच राहणार असेल तर खरी लढाई ब्राउझरशी. आजचा ब्राउझर सुरक्षिततेसाठी वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो, त्यामुळे दहा टॅबना दहा संसार लागतात. क्रोममध्ये "मेमरी सेव्हर" आणि एजमध्ये "स्लीपिंग टॅब्स" चालू करा, टॅब झोपवण्याची मुदत कमीत कमी ठेवा. दोन ब्राउझर एकाच वेळी उघडे नकोत. एक्स्टेंशन खरंच वापरातली असतील तेवढीच, पण जाहिरात अडवणारं एक हवंच: फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन, क्रोमवर त्याची लाइट आवृत्ती. बातम्यांच्या साइटवर बातमीपेक्षा जाहिरातींच्या स्क्रिप्टच जास्त रॅम आणि प्रोसेसर खातात, आणि लहान लॅपटॉपवर हा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. एजच्या सेटिंगमध्ये "स्टार्टअप बूस्ट" आणि ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू राहण्याची परवानगी, दोन्ही बंद करा. एज वापरत नसाल तर नक्कीच.

मग टास्क मॅनेजरमधलं "स्टार्टअप ॲप्स". चॅटची, संगीताची, प्रिंटरची, क्लाउडची जी ॲप लॅपटॉपसोबत आपोआप उठतात ती "डिसेबल" करा. ती काढून टाकली जात नाहीत, फक्त बोलावल्याशिवाय येत नाहीत. टचपॅड आणि आवाजाच्या ड्रायव्हरच्या नोंदींना हात लावू नका. लॅपटॉपसोबत आलेला मुदत संपलेला अँटिव्हायरस असेल तर तो काढा. विंडोजचा डिफेंडर पुरतो, आणि तो बंद करून वेग मिळवण्याच्या फंदात पडू नका.

इथे काही लोकप्रिय सल्ल्यांविषयी बोलायला हवं, कारण त्यांनी नुकसान होतं. "रॅम बूस्टर" प्रोग्राम चालू प्रोग्रामांची मेमरी जबरदस्तीने पेजफाइलमध्ये ढकलतात. आकडा क्षणभर छान दिसतो आणि पुढच्याच क्लिकला सगळं डिस्कवरून परत आणावं लागतं. पेजफाइल बंद करा, हा सल्ला ४ जीबीवर घातक आहे: मर्यादा गाठली की प्रोग्राम न सांगता बंद पडतात. ती "सिस्टिम मॅनेज्ड" राहू द्या. "सिसमेन" सेवा बंद करा, हेही सर्रास सांगितलं जातं. पण विंडोजची मेमरी आवळून ठेवण्याची सोय याच सेवेवर चालते, आणि कमी रॅमच्या लॅपटॉपला तीच तर हवी असते. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) साफ करणाऱ्या प्रोग्रामांनी वेग वाढत नाही, नोंद चुकीची उडाली तर प्रोग्राम मात्र बिघडतो. पारदर्शकता आणि ॲनिमेशन बंद केल्याने रॅम फारशी वाचत नाही, पण खिडक्या उघडताना थोडं मोकळं वाटतं. एका मिनिटाचं काम आहे, करून टाका.

व्हिडिओ अडखळत असेल तर तो बहुधा कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ आवळण्या-उलगडण्याच्या पद्धतीचा, प्रश्न. लहान प्रोसेसरच्या ग्राफिक्समध्ये ठरावीक कोडेक उलगडणारी वेगळी यंत्रणा असते. त्या कोडेकचा व्हिडिओ आला तर प्रोसेसर निवांत, न आला तर दोन्ही कोअर १०० टक्के. एन४०२० ची यंत्रणा एच.२६४, एचईव्हीसी आणि व्हीपी९ उलगडते, एव्ही१ नाही. बरेच जुने प्रोसेसर एच.२६४ वरच थांबतात. यूट्यूबच्या व्हिडिओवर उजवं क्लिक करून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडा: कोडेकच्या ओळीत एव्ही०१ दिसला आणि "ड्रॉप्ड फ्रेम्स" वाढत असतील तर कारण तेच. यूट्यूबच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये एव्ही१ ची पसंती बदलता येते. अगदी जुन्या लॅपटॉपवर एच२६४इफाय हे एक्स्टेंशन सगळं एच.२६४ मध्ये मागवतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स ॲक्सिलरेशन चालू आहे ना, तेही बघून घ्या.

आता उष्णता. लॅपटॉप गरम आहे आणि स्पीड खाली येतोय, तर हवेचा मार्ग बघा. गादीवर, उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी बंद होते. पंखा नसलेल्या मॉडेलमध्ये तर तळाचा पत्राच उष्णता बाहेर टाकतो, त्याला कडक सपाट पृष्ठभाग लागतो. पंखा असेल तर धूळ पंख्यात कमी आणि पंख्यापलीकडच्या तांब्याच्या पात्यांत जास्त अडकते. दाबाची हवा मारताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता तांब्याकडे नेणारा लेप) वाळून भुकटी झाली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध ४-५ मिलिमीटरचा थेंब टाका. शेजारच्या चिपांवर मऊ थर्मल पॅड असतील तर ते तसेच ठेवा. पॅडच्या जाडीची फट पेस्टने भरत नाही.

लॅपटॉप थंड आहे आणि तरीही स्पीड ०.४ ते ०.८ वर खिळलाय, तर चार्जर आणि बॅटरीवर संशय घ्या. कमी वॅटचा किंवा न ओळखला गेलेला चार्जर लावला, अथवा बॅटरी अगदी निकामी झाली, तर बरेच लॅपटॉप प्रोसेसरला मुद्दाम सर्वांत खालच्या वेगावर धरून ठेवतात. मूळ वॅटचा चार्जर लावून पुन्हा आकडा बघा. दुसरी शक्यता पॉवर प्लॅनमधल्या "मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट"ची. तिथे ९९ टक्के असेल तर प्रोसेसर वरच्या वेगावर चढतच नाही. एन४०२० च्या बाबतीत २.८ ऐवजी १.१ गीगाहर्ट्झ, म्हणजे निम्म्याहून जास्त वेग त्या एका टक्क्यात गेला. १०० करा.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची सोय) आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. एन४०२० त्या यादीत आहे, एन३३५० नाही. आणि किमान म्हणजे फक्त सुरू होण्यापुरतं. ४ जीबीवर ११ ची ओढाताण होतेच. तुमचं काम ब्राउझर आणि लिखाणापुरतं असेल तर लिनक्सकडे, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमकडे, जायला हीच वेळ योग्य आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवा आणि काही न पुसता "लाइव्ह" चालवून बघा. पेन ड्राइव्हवरून ते हळूच चालणार, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. तपासायचं ते वायफाय, टचपॅड, पडद्याचा उजेड कमी-जास्त होणं, झाकण मिटल्यावर झोपणं-उठणं, आणि आवाज. स्वस्त सेलेरॉन आणि ॲटम लॅपटॉपांत आवाजाच्या चिपशी लिनक्सचं न जमणं हा जुना त्रास आहे, तो आधीच कळलेला बरा. ॲटम झेड३७३५एफ असलेल्या मशीनवर पेन ड्राइव्ह दिसतच नाही, असं बऱ्याचदा होतं. प्रोसेसर ६४ बिटचा असूनही त्याचं यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, ३२ बिटचं असतं, म्हणून त्या प्रकारचं बूट असलेली आवृत्ती निवडावी लागते.

लिनक्स बसवल्यावर पहिलं काम झीरॅम. ही सोय रॅमचाच एक भाग आवळून स्वॅपसारखा (स्वॅप म्हणजे लिनक्सची पेजफाइल) वापरते. मजकूर साधारण निम्म्याहून कमी जागेत बसतो, आणि आवळणं-सोडणं डिस्कवर जाण्यापेक्षा कितीतरी जलद होतं. उबुंटू आणि मिंटमध्ये "झीरॅम-टूल्स" हे पॅकेज बसवा, त्याच्या सेटिंग फाइलमध्ये अल्गोरिदम झेडएसटीडी आणि टक्के ५० ठेवा. स्वॅपीनेस, म्हणजे सिस्टिम स्वॅपकडे किती लवकर वळते तो आकडा, मुळात ६० असतो, झीरॅमसोबत तो १०० करा, म्हणजे सिस्टिम रॅम अगदी तुंबायची वाट न बघता आधीच आवळायला लागते. डिस्कवरची स्वॅप फाइल काढू नका, तिचा प्राधान्यक्रम फक्त झीरॅमच्या खाली राहू द्या.

व्हिडिओ कॉल हे या लॅपटॉपांचं सर्वांत अवघड काम, कारण त्यात व्हिडिओ उलगडणं आणि आवळणं एकाच वेळी चालतं. पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय पहिल्यांदा बंद करा, ती दर फ्रेमला तुमची आकृती वेगळी काढत बसते आणि दोन कोअरना तेच पुरतं. एचडी व्हिडिओ बंद, सगळ्यांचे चौकोन दाखवण्याऐवजी फक्त बोलणाऱ्याचा, आणि कॉलच्या आधी बाकीचे टॅब मिटलेले. एवढं करूनही स्क्रीन शेअर करताना आवाज तुटत असेल तर तेवढा वेळ आपला कॅमेरा बंद ठेवा आणि आवाज फोनवरून जोडा. मग लॅपटॉपला फक्त पडदा पाठवायचं काम उरतं.